विणणारीची फोड

संत्र्याला फोडी दहा. झाडावरच्या संत्र्याला किती असतील त्या असोत, आमच्या क्रोशाच्या संत्र्याला दहा. मधे साखळीचं कडं, त्याभोवती एकामागून एक दहा फोडी, प्रत्येक फोड खांबांनी, म्हणजे उभ्या टाक्यांनी, गच्च भरलेली, आणि शेवटी काठ. नागपूरच्या प्रताप नगरातल्या निदान तीस मुलींना मी हे शिकवलं आणि झाडून सगळ्यांचं पहिलं संत्रं नऊच फोडींचं झालं. दहाव्या जागी नुसती जाळी. "काहून वं, डोळे कुठी ठेवले होते?" म्हणून मी त्यांच्यावर खेकसायची. त्या बिचाऱ्या गळ्याची शपथ घेऊन सांगायच्या, काकू, दुपारी ठेवून गेलो तेव्हा दहा होत्या. मी त्यांना खोटारड्या म्हणायची. त्या खरं बोलत होत्या हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच माझा आवाज चढायचा.

नाहीतर आमचे दिवस मजेचे होते. पावसाळ्यात दोरा दमट होतो, सुईवर सरकत नाही, म्हणून तेव्हा नुसती डिझाइनं काढायची, गणिताच्या चौकटीच्या वहीत, एक चौकट म्हणजे एक खांब. दिवाळीआधी दारांची तोरणं. थंडी पडली की अंगणात सतरंजी टाकून, उन्हाकडे पाठ करून बसायचं. मधे संत्र्यांची टोपली, पण हातातलं काम बाजूला ठेवल्याशिवाय कुणी संत्रं सोलायचं नाही असा माझा कायदा, कारण सालीचा तुषार पांढऱ्या दोऱ्यावर उडाला की डाग जन्मात जात नाही. संक्रांत झाली की रुखवतांची घाई. उन्हाळ्यात बोटांना पावडर चोळून माठांवरची, पाण्याच्या जगांवरची मणी लावलेली झाकणं. एखादा रुमाल पेजेची खळ देऊन गादीवर टाचण्यांनी ताणून ठेवावा आणि वाळल्यावर तो ताठ उभा राहावा, यासारखं सुख मला दुसरं नव्हतं. होळी झाली, ऊन तापू लागलं, की मात्र माझं चित्त थाऱ्यावर राहत नसे. त्याचं कारण मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

माझं माहेर रामटेकचं. गडाखाली आमचं घर आणि भिंतीला भिंत लागून रंभाबाईंचं. त्यांची एकुलती एक मुलगी सुमती, माझ्याच वयाची. विणकामात माझी गती शून्य आणि तिची बोटं कधी रिकामी नाहीत. एका हिवाळ्यात तिनं संत्रं आडवं कापलं, वहीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्यातून हे डिझाइन काढलं. कापता कापता एक फोड तिनं खाऊन टाकली होती. म्हणून डिझाइनमध्येही नऊ फोडी भरलेल्या आणि दहावी मोकळी. मी हसले तर म्हणाली, "ते विणणारीची फोड. एवढी मेहनत केली, एक तं आपली पाहिजे ना वं, इंदे." मला इंदे म्हणणारी जगात ती एकटीच होती.

एकसष्ट सालच्या वैशाखात माझं लग्न झालं. रुखवतात मुलीच्या हातच्या वस्तू मांडायची रीत, आणि माझ्या हातचा म्हणावा तर एक वेडावाकडा रुमाल. आई रडकुंडीला आलेली. सुमतीनं स्वतःच्या लग्नासाठी अठ्ठेचाळीस संत्र्यांचा टेबलक्लॉथ विणून ठेवला होता, तो तिनं उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "तुह्या रुखवतात मांड. माह्यं ठरलं की वापस दे, मले बी हाच मांडाचा आहे." मी शपथेवर हो म्हटलं. रुखवतात त्याच्यावर चिठ्ठी लागली, 'वधूची हस्तकला'.

नागपुरात सासूबाईंनी तो बैठकीतल्या टेबलावर पसरला आणि येईल त्याला सांगायला लागल्या, आमच्या सूनबाईचा हात पाहा. मी खाली मान घालून उभी. लोकांना तो विनय वाटायचा.

पुढच्या फाल्गुनात सुमतीचं पत्र आलं. तिचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं, टेबलक्लॉथ पाठव. परत द्यायचा म्हणजे सासूबाईंना सांगायचं की हात माझा नव्हे. तेवढी माझी छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर तो मला आवडत होता. त्या घरात मला ज्या एका गोष्टीचा मान मिळे, ती ही होती. मी पोस्टकार्ड लिहिलं: इस्त्रीतला निखारा पडून टेबलक्लॉथ जळाला, मला माफ कर.

सुमती दुसरा विणायला बसली. दीड महिन्यात अठ्ठेचाळीस संत्री पुरी करायची. माडीवर टिनाची खोली होती तिथं, भर दुपारी, कारण खाली लग्नाची गडबड. लग्नाला आठ दिवस राहिले असताना तिला ऊन लागलं आणि दोन दिवसांत ती गेली. आईच्या पत्रातून मला हे कळलं तेव्हा तिचा टेबलक्लॉथ माझ्या समोरच्या टेबलावर होता.

पुढे लोक शिकवा म्हणून मागे लागले, तेव्हा मी क्रोशा शिकले. गुपचूप, तिच्याच कामावरून खांब मोजून मोजून. तिची मोकळी फोड मात्र मी भरून टाकायचं ठरवलं, म्हणजे रामटेकच्या कुणी पाहिलंच तर ओळखू नये. पहिलं संत्रं दहा फोडींचं पुरं केलं, खिडकीत ठेवलं आणि दुपारची आडवी झाले. वाळ्याचा पडदा ओला होता, खोलीत अंधार, बाहेर गरम वाऱ्याची लू सुटलेली. उठून पाहते तर दहावी फोड मोकळी. दोरा तुटलेला नाही, उसवलेला नाही. नीट जाळी विणलेली होती, घट्ट हाताची. माझा हात सैल आहे. घट्ट हात सुमतीचा.

जाळी उसवून मी ती फोड पुन्हा भरली, तेव्हा ती टिकली. दर वेळी हे असंच. पहिल्या खेपेला दुपारी ठेवलं की दहावी फोड जायची, दुसऱ्या खेपेला राहायची. भांडत नसे ती माझ्याशी, एकदा सांगून जायची. मी घाबरायची, भरायची आणि पुढचं विणायला घ्यायची. माहेरचं कुणी येणार असलं की टेबलक्लॉथ ट्रंकेत. इतकी वर्षं मी हे निभावलं, याचं आता मलाच नवल वाटतं.

यंदा, म्हणजे ब्याऐंशी साली, आमच्या जयाचं लग्न ठरलं. तेही वैशाखात. जया आमची एकुलती एक, एकोणीस वर्षांची, हट्टी. तिनं जाहीर केलं की रुखवतात अठ्ठेचाळीस संत्र्यांचा टेबलक्लॉथ ती स्वतःच्या हातानं विणून मांडणार. मी म्हटलं, अननस कर, मोर कर, दहा माठांची झाकणं कर, पण हे नको.

"काहून नको? तू नाही का केला होता तुह्या लग्नात?" ती म्हणाली.



खाली घराला चुना देणं चालू होतं, म्हणून ती दोऱ्याचे गुंडे घेऊन गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत बसायला लागली. मी हाका मारून थकायची. जेवायला आली की डोळे लाल, बोटांना घट्टे. "किती झाली?" विचारलं की उत्तर टाळायची. मग एके दुपारी प्रेमिला धावत खाली आली. ही माझी सगळ्यात जुनी शिष्या, जयाला सोबत म्हणून वर बसलेली. जया सुई हातात धरून भिंतीला टेकली होती आणि अंग भाजत होतं. मांडीवर वीस संत्री, आणि विसांचीही दहावी फोड मोकळी. "जया रोज उसवते, रोज भरते, काकू," प्रेमिला रडत म्हणाली. "तिचं दुसऱ्या खेपेलाही राहतच नाही."

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, आणि सलाईन लावून गेले. दुसऱ्या दिवशीही ताप हटेना. कूलर घरघरत होता, मी कपाळावर बर्फाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होते. जयानं डोळे उघडले आणि माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "इंदे, ऊन लय आहे वं."

ते नाव मी या घरात कधी उच्चारलं नव्हतं. जया मला आई म्हणते. माझी मुलगी जाणार, आणि माझ्याच पोस्टकार्डामुळे जाणार, याबद्दल मला काडीचीही शंका उरली नाही.

सकाळी मी ट्रंकेतून टेबलक्लॉथ काढला, पिशवीत भरला आणि निघाले. दारात माझे यजमान, गोपाळराव, आडवे आले. "पोरगी तापानं फणफणून राहिली अन् तू कुठी चालली?" मी म्हटलं, रामटेकला, नवस आहे. आयुष्यभर खोटं बोललेल्या बाईला आणखी एक जड जात नाही. प्रेमिलाला जयापाशी बसवून मी एसटी पकडली.

रंभाबाई दारातल्या ओट्यावर सुपात गहू निवडत होत्या. पार वाळल्या होत्या. आई गेल्यापासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं.

"इंदू होय? बस."

पाणी विचारलं नाही. वैशाखात आमच्याकडे दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आधी पाणी देतात. माठ समोर होता. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण मागायची माझी हिंमत झाली नाही. मी टेबलक्लॉथ काढून त्यांच्यासमोर पसरला.

"का आहे हे?"

"सुमतीचा टेबलक्लॉथ, काकी."

"तो तं जळला."

"नाही जळला. मी खोटं लिहिलं होतं."

त्या उठल्या, आत गेल्या आणि एक पोस्टकार्ड घेऊन आल्या. "वाच. मले वाचता नाई येत. तवा सुमीनं वाचून दाखवलं होतं, आता तू वाच."

मी माझंच अक्षर वाचलं. गोल गोल, सुबक. 'मला माफ कर'पर्यंत सगळं वाचलं.

"मंग?" रंभाबाई म्हणाल्या. "तूच लिवलं. माह्या पोरीचा जळला. हा कोणाचा असन तो असन, मले नको."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ओढून घेतले. मग मी सगळं बोलून टाकलं, सासूबाई, ती मोकळी होणारी फोड, टिनाच्या खोलीतली जया, आणि ती माझ्याकडे पाहून काय म्हणाली ते. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सुमी शेवटचं तेच म्हणत होती," त्या म्हणाल्या. "इंदे, ऊन लय आहे वं. दोन दिवस तेच. मले वाटे, मैत्रीण आठवून राहिली."

त्यांनी आतून एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात सुमतीची शेवटची संत्री होती, एक्केचाळीस, काठ घालायचा आणि जोडायचं बाकी. दोरा पिवळा पडला होता. मी एक उचललं, फोडी मोजल्या. दहा. दुसरं उचललं. दहा. सगळ्यांच्या दहाही फोडी गच्च भरलेल्या.

"काकी, हिनं आपली फोड ठेवली नाही?"

"सासरच्यायनं सांगून पाठवलं होतं, लगनाच्या वस्तूत रिकामं काही दिसू नये म्हणून. मी म्हटलं, तुही फोड? तं म्हने, यंदा राहू दे आई, मागून घेईन."

मागून घेईन. ती घ्यायला येत होती, आणि मी दर वेळी तिच्या तोंडातून काढून पुन्हा भरून टाकत होते. मी तिथं ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. रंभाबाई रडल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"घेऊन जाय. तिची फोड तिले दे, पुरं कर, अन् तुह्या पोरीच्या रुखवतात मांड. सुमीचं म्हणून मांड. अन् का झालं होतं ते सगळ्यायसमोर तोंडानं सांगजो. चिठ्ठीवर नाई. चिठ्ठी तुले चांगली लिवता येते."

"तुम्ही याल?"

"येईन. आयकाले येईन."

एक टेबलक्लॉथ द्यायला गेले होते, तो तसाच परत आणला, वर हा डबा.

संध्याकाळी घरी पोचले तर जया उशीला टेकून बसली होती. "आई, तहान लागली," म्हणाली. आई म्हणाली. सलाईननं उतार पडला असं डॉक्टर सांगत होते, त्यांना मी हो म्हटलं.

लग्नाला बारा दिवस होते. जयाला मी वर फिरकू दिलं नाही, मीच टिनाच्या खोलीत बसले. दहावी फोड सगळ्यात शेवटी विणलेली, म्हणून काठ नसलेलं संत्रं तिथूनच उसवतं. एकेका संत्र्याची ती फोड मी उसवली आणि जागी जाळी घातली. वीस वर्षांचा दोरा, पण एकदाही तुटला नाही. शेजारी कुणी बसलं आहे असं दुपारभर वाटायचं. मी मान वळवली नाही. सात संत्री कमी पडत होती, ती जयाची घेतली; त्यांची दहावी फोड मोकळीच होती. पिवळ्यात सात पांढरी, असा तो टेबलक्लॉथ झाला. माझा सैल हात त्याच्या काठात दिसतो, पाहणाऱ्याला दिसू दे.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. मधोमध तो पसरला, शेजारी जुना घडी करून ठेवला. रंभाबाई सकाळच्या एसटीनं आल्या आणि रुखवताजवळच्या खुर्चीवर बसल्या. पन्हं दिलं, नको म्हणाल्या. सरबत नको. पाणीही नको. बाहेर आगीसारखं ऊन होतं आणि त्या कोरड्या ओठांनी बसून राहिल्या.

वराकडची मंडळी रुखवत पाहायला आली. विहीणबाई, कांताबाई, हौशी बाई. त्यांनी टेबलक्लॉथवरून हात फिरवला. "तुमच्याच हातचा ना, इंदुताई? पर ही एक एक फोड राहून गेली का?"

अजूनही मला सुटता आलं असतं. डिझाइनच तसं आहे, एवढं म्हटलं की झालं. भोवती माझ्या दहा-बारा मुली उभ्या होत्या, ज्यांना मी खोटारड्या म्हटलं होतं. गोपाळराव हारांची टोपली धरून होते. बोहल्यावर जायला निघालेली जया मुंडावळ्या सावरत थांबली होती. मी रंभाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हे माझ्या हातचं नाही," मी म्हणाले. "माझी मैत्रीण सुमती हिचं आहे. माझ्या रुखवतातला तो दुसराही तिचाच. तिनं उसना दिला होता. तिच्या लग्नाला तिनं परत मागितला, तेव्हा मी दिला नाही, जळाला म्हणून खोटं लिहिलं. ती उन्हात बसून हा विणत होती आणि त्यात गेली. या तिच्या आई."

कांताबाईंनी टेबलक्लॉथवरचा हात काढून घेतला. दूर सनई वाजत होती. गोपाळराव म्हणाले, "माह्या आईले तं तू आपलंच म्हणून..." जया तशीच मुंडावळ्यांसकट आली आणि रंभाबाईंच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग टेबलाशी गेल्या. मोकळ्या फोडींत एकेक बोट घालून त्यांनी एक ओळ मोजली, आणि परत येऊन बसल्या.

"लय ऊन आहे," त्या म्हणाल्या. "पाणी दे वं, इंदे."

मी धावत जाऊन माठातलं पाणी आणलं. त्यांनी अर्धा पेला प्यायला आणि उरलेला उठून टेबलक्लॉथच्या कोपऱ्यावर ठेवला. "बाकीचं तिचं."

दिवस मावळताना जयाला निरोप दिला. रंभाबाई शेवटच्या एसटीनं गेल्या. मांडव रिकामा झाल्यावर मी रुखवत आवरायला गेले. पेल्यात थेंब नव्हता. गोपाळराव मागे येऊन उभे होते; दुपारपासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

"वैशाख आहे," ते म्हणाले. "आटलं असन."

मी पेला उचलला, माठापाशी जाऊन काठोकाठ भरला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला.